यंदाचं वर्ष तुझं

रविवार, १ मार्च

रुपी,

पाकिटावर तुझ्या नावाआधी काय लिहावं यात माझी अर्धी दुपार गेली. सौ. लिहिता येत नाही, गं. भा. लिहायला हात धजेना, आणि श्रीमती लिहिलं तर बँकेची नोटीस निघाल्यासारखं वाटलं. शेवटी नुसतं रुपाली राधाकृष्ण लिहिलं, खाली मुलींचं वसतिगृह, स्वयंपाकघर, राहाता. पोचायला तेवढं पुरे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास हे मला दोन वर्षं कळलंच नाही. मला वाटायचं, तुमच्या वसतिगृहात रेंज नसेल. परवा हर्षलनं मोबाईल उलटासुलटा करून सांगितलं, "आई, मावशीनं तुला ब्लॉक केलंय." आणि सांगितलं ते कुठं, तर सून शेजारी पीठ चाळत बसलेली असताना. आपली पोरं हुशार निघाली, पण वेळ कुठली ते त्यांना कोणी शिकवलं नाही. म्हणून हे पत्र. अंगणवाडीत आता लेकराच्या वजनापासून सगळं मोबाईलमध्ये भरावं लागतं, पेन धरायची सवय गेली. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच, पण वाच.

यंदा जत्रेचं वर्ष तुझं आहे.

तुला हे सांगायची गरज नाही, तरी लिहून ठेवते, कारण आपल्या भावकीला सोयीचं तेवढंच आठवतं. वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांनी रान वाटलं, विहिरीचं पाणी वार ठरवून वाटलं आणि भैरवनाथाचा निवदही वाटला. एक वर्ष आमच्या चुलीचा, एक वर्ष तुमच्या चुलीचा. ज्याचं वर्ष असेल त्या घरच्या बाईनं पाच पोळ्यांचं ताट देवळात न्यायचं आणि मग दारात येईल त्याला जेवू घालायचं. राधूभाऊजी गेले, तू गाव सोडलंस, आणि तेव्हापासून तुझ्या वाटचं वर्षही मीच करतेय. माझा उजवा खांदा आता पुरण वाटताना वर होत नाही. डॉक्टर म्हणाले आराम करा. मी म्हटलं, आमच्या घरी एकदा या आणि तो कुठं ठेवलाय ते दाखवा. आपल्याकडं बाई टेकलेली दिसली की लोकांना चहाची आठवण होते.

पण मी थकले म्हणून तुला बोलावत नाही. भावकीत बोलणं चाललंय की राधूचं घर बंद झालं, पोटी मूल नाही, बायको राहात्याला जाऊन राहिली, तेव्हा त्याचं वर्ष वहीतून काढून टाकावं आणि निवद कायमचा थोरल्या घराला द्यावा. रान तुझ्या नावावर राहील, ते कोणी नेत नाही. पण जत्रेच्या दिवशी या गावात रुपालीची चूल आहे, असं म्हणणारं कोणी उरणार नाही. एकदा काढलेलं नाव आपल्या वहीत परत चढलेलं मी पाहिलेलं नाही.

जत्रा १० एप्रिलला, शुक्रवारी. शनिवारी कुस्त्यांचा हगामा, रविवारी पुण्याचे पाहुणे परत. यंदा देवानंही नोकरीवाल्यांची सोय बघितली म्हणायची. तू ये. एक दिवस आधी ये, तुझं घर मी झाडून ठेवते.

मागं जे झालं ते झालं. त्यावर आता काय लिहायचं.

तुझी आक्का

(हे स्पीड पोस्टानं पाठवतेय. पोचलं की हर्षलच्या मोबाईलवर मेसेज येतो म्हणे.)


गुरुवार, १९ मार्च, पाडवा

रुपी,

पत्र पोचल्याचा मेसेज चार तारखेलाच आला. तुझं उत्तर आलं नाही. मी तो मेसेज हर्षलला पुसू दिलेला नाही.

आज गुढी उभारल्यावर देवळापुढं लिंबाखाली जत्रेची बैठक झाली. गोदावरीच्या पाण्याची कावड आणायला प्रवरासंगमाला कोण जाणार, पाळणेवाल्याला जागा कुठं द्यायची, तमाशा आणायचा की ऑर्केस्ट्रा, या तीन गोष्टींवर दोन तास घसे कोरडे झाले. बायकांना बैठकीत जागा नसते, पण चहा द्यायला लागतात. मी किटली घेऊन उभी होते, म्हणून पुढचं कानावर पडलं.

कचरूतात्यांनी भावकीच्या मानाची वही काढली. आता त्यांना जाड भिंगाचा चष्मा लागलाय, तरी बोट बरोबर आपल्याच ओळीवर ठेवलं.

"बाविसला ताट थोरलीनं आनलं," तात्या म्हणाले. "चोविसलाबी थोरलीनंच. म्हंजी धाकल्या घराची दोन वर्सं चुकली. यंदा तिसरं. तीन वर्सं चुकली की मान मोडतो, ही काय माझी रीत न्हाई, जुनी हाय."

कोणीतरी विचारलं, "बाई येनार हाय का पन?"

सगळे तुझ्या दाजींकडं बघायला लागले. दाजी आपल्या चपलेकडं बघत होते. मग म्हणाले, "बघू." लग्नाला एकतीस वर्षं झाली, या माणसाच्या बघूचा अर्थ मला पाठ आहे. बघू म्हणजे मला विचारू नका.

तेव्हा असं ठरलंय. शुक्रवारी बारा वाजता पालखी उठते. त्याआधी राधूच्या घरचा निवद त्याच्या घरच्या बाईच्या हातानं देवापुढं आला तर वर्ष राहील. नाही आला तर तात्या तिथंच वहीत रेघ मारतील.

रुपी, बाविसचा निवद तुझाच होता. पहाटे उठून पुरण तू शिजवलंस, पोळ्या तू लाटल्यास, सार तू केलंस, माझ्या हाताला पिठाचा कणही लागला नव्हता. मी नुसतं दारातून देवळापर्यंत ताट नेलं आणि त्यांच्या वहीत वर्ष माझं झालं. हे मला तिथं बोलता आलं असतं. किटली खाली ठेवायची आणि दोन वाक्यं बोलायची. मी काय केलं सांगू? मी विचारलं, अजून कोणाला चहा हवाय का.

तू मला दोष देत असशील. दे. पण एकदा माझ्या बाजूनंही बघ. नवरा नसलेल्या बाईनं निवदाचं ताट नेऊ नये, हे मी ठरवलेलं नाही. भावकीतल्या बायका ओट्यावर बसलेल्या, त्यांच्यात कुजबूज झाली. हलगीवाला दारात ताटकळलेला. सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं. आता सासूचा शब्द थोरल्या सुनेनं मोडायचा का? मी म्हटलं, "आण इकडं, मी नेते. तू थांब." एवढंच. मी ते ताट घेतलं नसतं तर दुसरी कोणीतरी चार शब्द बोलली असती आणि ते तुला जास्त लागले असते. मी तुला वाचवलं असंही म्हणता येईल.

ये बाई. बारा वाजायच्या आत ये.

तुझी आक्का


शनिवार, २८ मार्च

रुपी,

दुसरं पत्र पोचल्याचाही मेसेज आला. आता मेसेजवाल्याशीच माझा जास्त परिचय झालाय.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते कसं उघडं पडलं ते सांगते.

काल गच्चीवर कुरडया घालत होतो. ऊन असं की चीक पसरेपर्यंत वाळायला लागतो. मी, अश्विनी आणि जिन्याच्या सावलीत खाटेवर सासूबाई. अश्विनी चांगली पोरगी आहे, पण कर्जतची, मनात आलं की विचारते. म्हणाली, "आत्या, रुपालीमावशी जत्रंला का येत न्हाईत?" मी तिला तेच सांगितलं जे तुला लिहिलं. बायकांची कुजबूज, हलगीवाला, सासूबाईंची खूण. सासूबाईंना ऐकू येत नाही, हे सगळं गाव जाणतं. पण त्यांचं बहिरेपण त्यांच्या तब्येतीनुसार असतं.

खाटेवरून आवाज आला, "माझ्या नावावर कशापायी खपवतीस गं?"

मी कुरडईचा साचा फिरवत राहिले.

"म्या कवा खुनावलं तुला? ताट म्याच दिलं हुतं तिच्या हातात. म्हनलं, जा पोरी, तुजं वरीस हाय. माझा मालक गेला तवा म्या ताट सोडलं अन् तुला दिलं, त्याचं मला काय सुख लागलं? म्हून तिला दिलं. अन् तू आली तरातरा."

अश्विनी माझ्याकडं बघत होती. हातातला चीक तसाच. रुपी, बावन्न वर्षांची बाई सुनेपुढं खोटी पडते तेव्हा कुठं बघायचं असतं, ते कोणी सांगून ठेवलेलं नाही. मी कुरडयांकडं बघितलं.

आता खरं लिहिते. कोणी कुजबुजलं नव्हतं. कोणी काही म्हणालं नव्हतं. ते सगळं मी स्वतःहून केलं. त्या दिवशी अश्विनीच्या घरचे हर्षलला बघायला जत्रेच्या निमित्तानं येणार होते, तुला आठवत असेल. सकाळपासून माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मुलीकडचे दारात उतरतील आणि बघतील की या घरात देवाचं ताट विधवा बाई नेतेय, मग परत जाऊन काय बोलतील? तू उंबरा ओलांडायला पाय उचललास, जांभळी साडी, ताटावर पांढरं फडकं, आणि मला तुझ्या जागी फक्त हर्षलचं मोडलेलं लग्न दिसलं. सख्खी बहीण दिसली नाही. तुला या घरात कोणी आणलं? मीच. बाबा नको म्हणत होते, एका घरात दोन लेकी नकोत. मी म्हटलं, मी आहे ना, मी सांभाळीन.

हे अश्विनीला सांगितलं तर ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "आत्या, आमच्या घरचे त्या दिवशी चारला आले. घोडेगावापाशी टेम्पो पंक्चर झाल्ता. ताट कोनी नेलं हे त्यांना अजून माहीत न्हाई."

म्हणजे ज्यांच्या धाकानं मी तुझे हात रिकामे केले ते लोक तेव्हा रसवंतीवर बसून उसाचा रस पीत होते.

मी देवळातून आले आणि पंगतीच्या गडबडीला लागले. तीन वाजता तुला वाढायला ताट घेतलं तर तू निघून गेलेलीस. तुझी पिशवी नव्हती, चप्पल नव्हती. चाळीस माणसं तुझ्या हातचं जेवली आणि तू उपाशी गेलीस, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पाहुण्यांना म्हटलं, तिला बरं वाटत नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात ग्रामसभेनं ठराव केला. विधवा महिलांना सर्व मंगलकार्यांत मानानं सहभागी करून घ्यावं. फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. ठरावाखाली पहिली सही अंगणवाडी सेविकेची, म्हणजे माझी. वळणदार अक्षरात.

मला माफ कर असं लिहिणार होते, पण ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. माफ नको करूस. राग आहे तसा ठेव आणि राग घेऊन ये. ताट घेऊन सरळ देवळात जा, माझ्याशी बोलूही नकोस. तुझं वर्ष माझ्यामुळं जायला नको, एवढंच मागणं आहे.

पुष्पा


गुरुवार, ९ एप्रिल

रुपी,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, माहीत आहे. तरी लिहितेय, कारण मन घट्ट करायला दुसरी जागा नाही.

दुपारचे तीन वाजलेत. तू आलेली नाहीस. सकाळच्या दोन्ही गाड्या मी फाट्यावर जाऊन बघितल्या. गावात पाळणे उभे राहिलेत, गोडीशेव तळायला कढया चढल्यात, सगळ्या गल्लीत गुळाचा वास. पोरांची कावड संगमावरून निघालीय. पुण्याच्या नणंदा आल्या, त्यांची पोरं एसी कुठंय विचारतायत.

डाळ निवडलेली आहे, गूळ चिरलेला आहे. आणि मी उद्या चूल पेटवणार नाही.

मी निवद करून नेला की तात्या वहीत लिहिणार, थोरलीनं आणला. म्हणजे तुझं नाव पुसायला खोडरबर मीच हातात देणार. चार वर्षं मी हेच करत होते आणि वर थकले थकले म्हणत होते. उद्या देवापुढं आपल्या घराची जागा रिकामी राहू दे. लोक विचारतील का रिकामी, तेव्हा सांगता येईल.

तुझ्या दाजींना आत्ताच सांगितलं. घर डोक्यावर घेतलं त्यांनी.

"दारात चाळीस मानसं येनार अन् चूल बंद? माझं नाक कापायचं ठरवलंय का तू?"

मी म्हटलं, "नाक तुमचं आहे, पण हात माझे आहेत."

तर म्हणाले, अश्विनीला सांगतो. अश्विनी आतून म्हणाली, "आत्यांनी सांगितलं तरच पुरन घालीन." दाजी आईकडं गेले. सासूबाईंना नेमकं त्या वेळी काही ऐकू येईना. आता माणूस ओसरीवर बसून मोबाईलमध्ये आचारी शोधतोय. जत्रेच्या आदल्या दिवशी आचारी मिळतो होय?

देवाचा निवद मोडायचा म्हणजे काही साधी गोष्ट नाही, रुपी. लेकराबाळांवर काही आलं तर लोक माझ्याच नावानं बोटं मोडतील. तुझ्या हातचं ताट मी विचार न करता ओढलं होतं, इतक्या झटकन. आता चांगली गोष्ट करायला मात्र आठ दिवस लागले.


रविवार, १२ एप्रिल

रुपी,

तुला अर्धं माहीत आहे, अर्धं नाही. म्हणून क्रमानं लिहिते.

शुक्रवारी पहाटे उठले, सडा घातला, आणि उंबऱ्यावर बसून राहिले. बाईमाणूस जत्रेच्या दिवशी सकाळी बसलेलं गल्लीनं कधी बघितलं नव्हतं. जाणारे येणारे विचारत होते, कोणी आजारी आहे का. सासूबाईंनी आदल्या रात्रीची भाकरी ताकात कुस्करून खाल्ली आणि म्हणाल्या, "बरं झालं, म्या जरा आधी जाऊन बसती," आणि काठी टेकत देवळाकडं गेल्या. मी फाट्याच्या रस्त्याकडं बघत होते. नऊ वाजले, दहा वाजले. पाहुणे यायला लागले. अश्विनीनं सगळ्यांना लिंबू सरबत दिलं. दुसऱ्यांदाही सरबतच आलं तेव्हा पाहुण्यांच्या लक्षात यायला लागलं.

पावणेबाराला मी रिकाम्या हातानं देवळात गेले. कावडीचं पाणी देवाला घालून झालं होतं. सगळ्या घरांची ताटं देवापुढं ओळीनं. तात्या वही घेऊन पायरीवर. मला बघून म्हणाले, "थोरले, ताट कुठंय?"

सहादू गुरव काहीतरी बोलायला पुढं झाला, पण मी त्याला बोलू दिलं नाही. मला भीती होती, आता थांबले तर पुन्हा चहा विचारीन. मी बोलायला लागले. म्हटलं, यंदाचा निवद रुपालीचा. ती नाही आली, कारण बाविसला तिनं केलेलं ताट उंबऱ्यात मी तिच्या हातातून काढून घेतलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, भावकीनं नाही, देवानं तर नाहीच. माझ्या पोराचं लग्न जमावं म्हणून मी बहिणीला अशुभ ठरवलं. तेव्हा बाविसचं वर्ष तुमच्या वहीत माझ्या नावावर आहे ते खोटं आहे. रेघ मारायची तर आधी माझ्या नावावर मारा.

बाहेरचे पाळणे थांबल्यासारखे वाटले. नंतर कळलं की ते खरंच थांबले होते. आरतीचा माईक चालूच राहिला होता. गोडीशेववाल्यापासून कुस्त्यांच्या फडापर्यंत सगळ्या जत्रेनं ऐकलं. ग्रामपंचायतीच्या योजनासुद्धा इतक्या स्पष्ट कधी ऐकू आल्या नसतील. तुझे दाजी शनिवारच्या कुस्त्यांसाठी फड तयार करून घेत होते, तिथून घरी न येता सरळ उसात जाऊन बसले.

मग सहादूला बोलायला फट मिळाली. म्हणाला, "अवो वैनी, निवद आलाय की. नवालाच आला."

मला कळेना. त्यानं बोट दाखवलं. ओळीत सगळ्यात कडेला स्टीलचं ताट, पाच पोळ्या, वाटीत सार, वर कुरडई.

"बाई आल्त्या सकाळी," तो म्हणाला. "नेवाशाहून जीपनं. डब्यात धा पोळ्या घालून आनलं, इथं पायरीवर बसून ताट लावलं, हातानं देवाम्होरं ठिवलं. अर्धं इथं, अर्धं परसाद म्हून माघारी घेतलं. म्हनल्या, कोनी इचारलं तर सांगा, न्हाईतर गप ऱ्हावा. आन कोनी इचारलंच न्हाई."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "पन हे राहात्याच्या चुलीवरचं. गावातल्या चुलीवरचं पायजे. असं कसं चालंल?"

तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या सासूबाई बोलल्या. सगळं ऐकू येत होतं त्यांना. "कचरू, माझ्या राधूचं घर म्हंजी काय भिताडं का? तिची चूल जिथं, तिथं त्याचं घर. लिव्ह."

तात्यांनी लिहिलं. मी तिथून हलले नाही. म्हटलं, बाविसचंही दुरुस्त करा. वहीत खाडाखोड करत नसतात म्हणाले. मी म्हटलं, मी उभी आहे, मला घाई नाही, घरी चूलही पेटलेली नाही. शेवटी वैतागून त्यांनी माझं नाव खोडलं आणि तुझं लिहिलं. मी स्वतः वाचून बघितलं. पालखी वीस मिनिटं उशिरा उठली.

घरी आले तर तीसेक पाहुणे सरबत पिऊन पिवळे पडलेले. दुपारी दीड वाजता चूल पेटवली आणि अश्विनीनं आणि मी पिठलं-भाकरी केली. भैरवनाथाच्या जत्रेला आपल्या दारात पिठलं वाढलं गेलं, हे आता पुढची वीस वर्षं सांगतील. दाजी तीन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. घरात शांतता आहे, तेवढाच आराम. आज पाहुणे गेले, पाळणे उतरवतायत, आणि मी पाय लांब करून लिहायला बसलेय.

आता माझं सांगते. पहिल्यांदा मला तुझा राग आला. दोनशे पावलांवर येऊन गेलीस, तू ताट लावत होतीस तेव्हा मी उंबऱ्यावर बसून फाट्याकडं डोळे लावले होते, आणि तू देवळाच्या मागच्या वाटेनं आलीस आणि गेलीस. राहात्याहून निघून नवाला इथं पोचायचं म्हणजे पोळ्या रात्री दोनला उठून लाटल्या असशील. तेवढं केलंस आणि दाराशी आली नाहीस. अर्धा निवद परत नेलास, त्यातला घास सासूबाईंनाही ठेवला नाहीस. मग कालचा दिवस विचार करण्यात गेला, आणि राग उतरला. का ठेवावास? ते वर्ष तुझं होतं, माझ्या बोलावण्याचं नव्हतं. मला वाटत होतं की मी तुझं वर्ष वाचवतेय. तू ते नवालाच वाचवून गेली होतीस, मी बाराला जाऊन फक्त माझं सांगून आले.

रडले मी. अश्विनीनं विचारलं, मावशी आल्या म्हणून का? मी म्हटलं, हो. आणि गेल्या म्हणून.

पुढचं वर्ष माझं आहे. त्याला तू येऊ नकोस असं म्हणत नाही, पण ये असं म्हणायचं तोंड मला नाही. त्याच्या पुढचं पुन्हा तुझं. त्या दिवशी आमची चूल बंद असेल, तुझं होईपर्यंत मी पाणीही तापवणार नाही. तुझ्या चुलीवर कर, राहात्याची असो की इथली, आता त्यावर कोणी बोलणार नाही. अर्धं खुशाल परत घेऊन जा. मी तुला हाक मारणार नाही, रस्त्यात आडवी येणार नाही, सासूबाईंची शपथ.

फक्त मागच्या वाटेनं जाऊ नकोस. पुढच्या गल्लीनं ये, आमच्या दारावरून. निवदाचं ताट घेऊन जाताना मला तुला एकदा बघायचंय.

पुष्पा